इमारतींवरून घरातल्या वस्तू : प्रकल्प नोंदी

२ जून

दादा-वहिनीचा बाणेरचा फ्लॅट ताब्यात आलाय, वास्तुशांत श्रावणात करायची असं ठरतंय, आणि मी त्यांना सांगून टाकलंय की टेबलावरचा दिवा, पुस्तकांचे टेकू, कांद्यांसाठी काहीतरी आणि गरम भांडं टेकवायला काहीतरी, एवढ्या चार वस्तू माझ्याकडून, तुम्ही ऑनलाइन काही मागवू नका. चारही वस्तू मला आवडणाऱ्या आधुनिक इमारतींवरून करायच्यात.

काम सुरू करायच्या आधी एक नियम लिहून ठेवतेय. बाजारात इमारतीच्या आकाराच्या वस्तू ढिगाने मिळतात, आयफेल टॉवरची किचेन, बुर्ज खलिफाचा पेपरवेट, ताजमहालाचा दिवा, आणि त्या सगळ्यांत इमारतीची फक्त बाहेरची रेघ असते. मला ती इमारत तशी का बांधली ते वस्तूत आणायचंय. ऊन, वारा, पाऊस, विटेवर येणारा भार, ज्या कशामुळे तो आकार जन्माला आला तेच कारण घरात वापरतानाही कामाला आलं पाहिजे, नाहीतर ती वस्तू करायचीच नाही.

हे जमतं याची उदाहरणं आहेत. इटलीच्या अलेस्सी कंपनीने १९८३ मध्ये अकरा आर्किटेक्टकडून चहा-कॉफीचे सेट करून घेतले होते, ट्रे म्हणजे चौक आणि त्यावर किटली, दूधदाणी वगैरे म्हणजे चौकातल्या इमारती, दिसायला फार सुंदर पण बहुतेक संग्रहालयातच शोभणारे. त्यातल्याच मायकल ग्रेव्हजने १९८५ मध्ये त्याच कंपनीसाठी गॅसवर ठेवायची किटली केली, तिच्या तोटीवर एक छोटा लाल पक्षी बसलाय आणि पाणी उकळलं की तो शिट्टी घालतो. पक्षी काढला तर किटली मुकी होते. मला नेमकं असं काहीतरी पाहिजे.

५ जून

दिव्यासाठी कांचनजंगा नक्की केलं. मुंबईत पेडर रोडला कंबाला हिलवर आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी केलेली उंच पांढरी इमारत, डिझाइन १९७० चं आणि काम पुरं झालं १९८३ ला. कोपऱ्यांत मोठमोठे चौकोन कापून काढल्यासारखे दिसतात म्हणून रस्त्यावरून जाणारा कुणीही मान वर करून बघतोच.

ते कापलेले कोपरे का आहेत हे कळलं तेव्हापासून ही इमारत माझ्या डोक्यात घर करून बसलीये. मुंबईत वारा हवा आणि समुद्र दिसायला हवा तर घराचं तोंड पश्चिमेला पाहिजे, पण दुपारनंतरचं भाजणारं ऊन आणि पावसाळ्यातला आडवा पाऊससुद्धा तिकडूनच येतो. जुन्या बंगल्यांनी यावर उपाय काढला होता, राहायच्या खोल्यांभोवती व्हरांडा गुंडाळायचा, म्हणजे ऊन-पाऊस व्हरांड्यात अडतो आणि वारा तेवढा आत येतो. कोरियांनी तोच व्हरांडा उचलून उंच टॉवरमध्ये नेला, प्रत्येक फ्लॅटला कोपऱ्यात दोन मजली उंचीची बाग-गच्ची दिली आणि खोल्या तिच्या मागे आत सरकवल्या. त्या गच्च्यांखाली खांब नाहीत, स्लॅब ६.३ मीटरपर्यंत बाहेर झेपावलेला आहे. आणि हे सगळं पेलतो मधला ७.८ मीटरचा काँक्रीटचा गाभा, लिफ्ट वगैरे त्यातच.

आता मापं. इमारत २१ मीटर चौरस आणि ८४ मीटर उंच, म्हणजे उंची रुंदीच्या बरोबर चौपट. ३०० ने भागलं की ७ सेंटिमीटर चौरस आणि २८ सेंटिमीटर उंच, टेबलावरच्या दिव्याला याहून चांगलं माप मी स्वतः काढलं नसतं. गाभा होतो २.६ सेंटिमीटर, आणि एक इंची अ‍ॅल्युमिनियमचा चौकोनी पाइप कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो! एलईडीची पट्टी त्या पाइपावर चिकटवायची, पाइप पट्टीची उष्णताही ओढून घेईल, वायरही त्याच्या आतून जाईल आणि दिव्याला आधारही तोच देईल. बिल्डिंगमध्ये गाभा जे करतो ते सगळं इथेही गाभाच करणार.

आणि कारणाचं म्हणाल तर, इमारतीत बाहेरचा सूर्य थेट आत येऊ द्यायचा नाही, दिव्यात आतला बल्ब थेट डोळ्यांवर येऊ द्यायचा नाही. दिशा उलटी, युक्ती तीच. उजेड आधी व्हरांड्याच्या भिंतीवर पडेल आणि मग खोलीत येईल.

८ जून

सामान आणलं. व्हाइट सिमेंट, बारीक सिलिका सँड, पाणी न वाढवता माल पातळ करणाऱ्या प्लास्टिसायझरची छोटी बाटली, १२ मिलीमीटरचे काचेचे धागे. धागे एआर ग्लासचेच, म्हणजे अल्कली सहन करणाऱ्या काचेचेच घ्यायचे, साध्या काचेचे धागे सिमेंटमधला अल्कली हळूहळू खाऊन टाकतो आणि वर्ष-दोन वर्षांत त्यांच्यात दम राहत नाही. भिंत फक्त ८ मिलीमीटर जाड ठेवायचीये, तिच्यात सळई बसणारच नाही, म्हणून हे धागे. साच्याला बाहेरून अ‍ॅक्रेलिक आणि आतून मेण लावलेला थर्माकोल.

१२ जून

साचा जोडला आणि ओतला. सिमेंट एक भाग, सँड दीड भाग, पाणी सिमेंटच्या ०.४ पट, त्याच्यावर पाणी नाही म्हणजे नाही. माल घट्ट वाटतो म्हणून पाणी वाढवायचा मोह प्रत्येकालाच होतो पण जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि जागा पोकळ सोडून जातं, काँक्रीट तिथेच कच्चं राहतं, म्हणून पातळपणा हवा असेल तर तो प्लास्टिसायझरने आणायचा. ओतताना साच्याखाली जुना सँडर बांधून सुरू ठेवला, त्याच्या थरथरीने बुडबुडे वर येतात, तरी कापलेल्या कोपऱ्यांच्या वरच्या पाट्याखाली थोडे अडकतातच कारण त्यांना वर जायला वाटच नसते. म्हणून साचा आता उलटा ओतते, डोक्यावर उभा, आणि प्रत्येक गच्चीच्या तोंडाशी साचा जरा तिरका करून थांबते.

कोपऱ्यांबद्दल एक गोष्ट लिहून ठेवायलाच हवी. काँक्रीट सुकताना आक्रसतं आणि आतल्या बाजूच्या काटकोनी कोपऱ्यावर सगळा ताण गोळा होतो, केसासारखी चीर तिथूनच सुरू होते. या दिव्यात तर असे आतले कोपरे जिकडेतिकडे आहेत. थर्माकोलच्या कडांना तीन मिलीमीटरची गोलाई दिली, डोळ्याला दिसत नाही पण ताण वाटला जातो.

दुसऱ्या दिवशी साचा सोडवायचा आणि गोणपाटात गुंडाळून आठवडाभर ओलं ठेवायचं. पाऊस सुरू झालाय, बाल्कनीत हवाच एवढी दमट आहे की गोणपाट वाळायचं नावच घेत नाही, क्युरिंगला याहून चांगले दिवस नाहीत.

२१ जून

आज दिवा पेटवला. आधी काँक्रीटबद्दल : अ‍ॅक्रेलिकमुळे बाहेरची बाजू गुळगुळीत, जवळजवळ चमकदार आलीये, तिला वॉटर पेपर लावायची गरजच नाही. वजन साधारण किलोभर, टेबलावरून हलत नाही.

पट्टी २७०० केल्विनची वॉर्म व्हाइट, गाभ्याच्या चारही बाजूंना मिळून पाच वॉटची. खोलीतले सगळे दिवे घालवले आणि हा लावला तर पहिल्यांदा मन थोडं खट्टू झालं, कारण पांढऱ्या गच्च्यांमध्ये उजेड एकसारखा पसरला आणि खोलगटपणाच गेला, कोपरा आत गेलाय की बाहेर आलाय तेच कळेना. मग गच्च्यांच्या फक्त आतल्या भिंतीला गेरू पाण्यात कालवून पातळ हात दिला, बाहेर पांढरंच ठेवलं. आता उजेड गेरूवर आपटून बाहेर येतो आणि प्रत्येक गच्ची वेगळी दिसते, खालची जास्त तांबूस, वरची फिकी, कारण उंची आणि खोली वेगवेगळी आहे. एकही एलईडीचा ठिपका थेट डोळ्यात येत नाही, मी खाली वाकून, बाजूला बसून, पलंगावर आडवी होऊन सगळीकडून पाहिलं. व्हरांडा काय करतो हे पुस्तकातल्या सेक्शन ड्रॉइंगमध्ये अनेकदा बघितलं होतं, पण हातात धरून बघण्यातला आनंद वेगळाच आहे.

वहिनीला व्हिडिओ पाठवला. ती म्हणाली, "अगं, हा आमच्या पश्चिमेच्या खिडकीत ठेवते, तिथे संध्याकाळी ऊन एवढं येतं की बसवत नाही, निदान दिव्याला तरी व्हरांडा असू दे." हे खरंच आहे. नवीन टॉवरमध्ये बाल्कनी म्हणजे चार फुटांची पट्टी, तीही बहुतेक जण काच लावून बंद करतात, आणि मग एसी. चाळीस वर्षांपूर्वी मुंबईतच याचं उत्तर बांधून दाखवलेलं असताना.

२४ जून

रॉटरडॅमची क्यूब घरं यादीतून काढली. मनाविरुद्ध काढली, कारण दिसायला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही. डच आर्किटेक्ट पीट ब्लोमने १९८४ मध्ये पूर्ण केलेली पिवळी घरं, प्रत्येक घर म्हणजे षटकोनी खांबावर टोकावर उभा केलेला घन, भिंती ५४.७ अंशात कललेल्या. त्यामागची कल्पना मला फार आवडते, प्रत्येक घर म्हणजे एक झाड, सगळी मिळून जंगल, आणि झाडांखालची जमीन येणाऱ्या-जाणाऱ्या लोकांसाठी मोकळी. पण ती कल्पना शहराची आहे, जमीन कुणासाठी मोकळी ठेवायची याची आहे, आणि घरातल्या टेबलावर कललेला घन ठेवला तर त्यातलं काहीच येत नाही, फक्त आकार येतो. मसाल्याचा डबा, अगरबत्तीचं घर, कुंडी, सगळी स्केचेस काढून पाहिली. कुंडीचा विचार बराच वेळ केला कारण खांब आणि वरचं झाड जुळत होतं, पण माती कललेल्या भिंतींवर नीट दबत नाही आणि पाणी एकाच टोकाला साठून मुळं कुजतील. नियम तो नियम.

२९ जून

कांद्यांसाठी आर्किटेक्ट लॉरी बेकर. हे मनात पहिल्यापासूनच होतं.

बेकर जन्माने इंग्रज, बर्मिंगहॅमचे, भारतात आले आणि इथलेच झाले, १९७० नंतर तिरुवनंतपुरममध्ये राहून आयुष्यभर वीट, चुना, मातीत काम केलं. बांधायचं सामान घरापासून पाच मैलांच्या आतलं असावं हे गांधीजींचं म्हणणं त्यांनी शेवटपर्यंत पाळायचा प्रयत्न केला. त्यांची विटांची जाळी प्रसिद्ध आहे, खिडकीची चौकट, काच, गज, सगळ्याला फाटा देऊन भिंतीतल्याच विटा अंतर सोडून रचायच्या, वारा येतो, डोळे दिपवणारा उजेड येत नाही, घर सुरक्षित राहतं आणि पैसे वाचतात. तिरुवनंतपुरमला तंपानूर भागातलं इंडियन कॉफी हाउस असंच आहे, गोल, आत चढत जाणारा रॅम्प, रॅम्पच्या कडेनेच बांधून काढलेली टेबलं-बाकडी आणि भिंतीला सगळीकडे जाळी.

आता हे कांद्याशी कुठे जुळतं? नाशिककडच्या कांदा चाळीशी. ज्यांनी चाळ पाहिलीये त्यांना लगेच कळेल, जमिनीपासून उचललेला तळ, बाजूंना फटी ठेवून लावलेल्या बांबूच्या किंवा लाकडाच्या पट्ट्या, वर छप्पर, म्हणजे वारा खालून आणि बाजूने कांद्यातून फिरत राहतो आणि ऊन-पाऊस थेट लागत नाही. कांद्याला कोरडा, हलता वारा आणि अंधारी जागा पाहिजे, आणि बेकरची जाळी तेच करते. केरळची भिंत आणि लासलगावची चाळ एकाच प्रश्नाचं उत्तर देतायत हे जेव्हा कागदावर शेजारी शेजारी काढलं तेव्हा मला स्वतःलाच फार भारी वाटलं.

बटाटे यातून वगळले. जाळीतून जेवढा उजेड येईल तेवढाही बटाट्याला हिरवं करायला पुरतो. ते वेगळ्या बंद टोपलीत.

आकार गोल घेतला. बेकरांना गोल भिंत आवडायची याला साधं गणित आहे, तेवढीच जागा घेरायला चौकोनापेक्षा वर्तुळाला साधारण ११ टक्के कमी भिंत लागते. नेहमीची वीट ९ इंची, तिच्या एकतृतीयांश म्हणजे साडेसात सेंटिमीटरची वीट, एका थरात आठ, मध्ये अडीच सेंटिमीटरची फट, वरचा थर पाच सेंटिमीटरने सरकवलेला. दहा थर. ऐंशी विटा.

कुंभारवाड्यात गेले. काकांनी ड्रॉइंग हातात घेऊन उलटंसुलटं बघितलं आणि म्हणाले, "ताई, हे सगळं एक नग करून चाकावर चढवलं असतं आणि भोकं पाडली असती तर मला अर्ध्या दिवसाचं काम." मी म्हणलं काका, भोकं पाडली की ती भोकं, मला वीटच पाहिजे, विटेवर वीट बसलेली दिसली पाहिजे. त्यावर ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "मग लाकडी साचा तुम्ही आणा, आणि माप धरून दहा टक्के मोठा आणा, माती वाळताना आणि भाजताना तेवढी बसते. आणि पावसात मला घाई करू नका, वरून वाळलेली दिसते पण आत ओल असली तर भट्टीत फुटते."

साचा सागवानाच्या तुकड्यांतून करायला टाकला, आतलं माप ८३ बाय ४१ बाय २८ मिलीमीटर.

९ जुलै

विटा काकांच्या पत्र्याखाली वाळतायत. अजून आठवडा तरी लागेल म्हणाले. ठीक आहे.

१३ जुलै

गरम भांडं टेकवायच्या वस्तूसाठी आयुकात जाऊन आले. पुणे विद्यापीठाच्या आवारातली ही इमारतही कोरियांचीच. नारळीकर सर संस्थेचे संस्थापक संचालक, आणि विश्वाचा अभ्यास करणारी संस्था तर विश्वाची चित्रं इमारतीतच आली पाहिजेत असा तिथला एकूण विचार. मधल्या चौकात कुंड आहे, आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन यांचे पुतळे आहेत, पृथ्वी फिरते हे दाखवणारा लंबक, फुको पेंड्युलम आहे. पण मला भिंती बघायच्या होत्या. खाली आपला इथलाच काळा दगड, त्यावर जास्त काळा कडप्पा, आणि त्यावर चकचकीत काळा ग्रॅनाइट ज्यात आकाश आणि ढग दिसतात. काळ्यावर काळं त्यावर काळं, वर जाईल तसा दगड आकाशात विरघळत जातो. कडप्पा म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या ओट्याचा दगड, बहुतेक घरांत शेवग्याच्या शेंगा सोलायच्या जागी असतो, आणि तोच दगड इथे अवकाश दाखवायला वापरलाय, हे मला कोरियांचं मोठेपण वाटतं.

तिथे सिअरपिन्स्कीचा त्रिकोणही आहे. मोठा त्रिकोण घ्यायचा, मधला उलटा त्रिकोण काढून टाकायचा, उरलेल्या तिन्हींमधून पुन्हा मधला काढायचा, असं करत जायचं. दर पायरीला तीन चतुर्थांश भाग उरतो. मला दोनच पायऱ्या पुरे, नऊ छोटे त्रिकोण, क्षेत्रफळ मूळच्या सोळातले नऊ भाग. गरम कुकरखाली हे उपयोगी आहे कारण मधल्या रिकाम्या जागांमधून गरम हवा निघून जाते आणि खालच्या टेबलाला धग लागत नाही.

अडचण अशी की या आकृतीत त्रिकोण एकमेकांना फक्त टोकाला टेकतात, अख्ख्या कडप्प्यातून कापायला गेलं तर टोकं तुटणारच. म्हणून सुटे नऊ त्रिकोण कापायचे आणि जाड कॅनव्हासवर उष्णता सहन करणाऱ्या सिलिकॉनने चिकटवायचे. मार्बलच्या दुकानातून ओट्यांचे उरलेले तुकडे आणले, दुकानदाराने पैसेच घेतले नाहीत. पाच सेंटिमीटरच्या बाजूचे त्रिकोण, दोन सेंटिमीटर जाड, सगळं मिळून अर्धा किलो. आणि कॅनव्हासमुळे एक गोष्ट आपोआप झाली, ते घडी होतं! प्रत्येक कोपऱ्यातल्या तीन त्रिकोणांचा गट मधल्या रिकाम्या जागेवर दुमडला जातो आणि भिंतीवरच्या खिळ्याला लटकतं. वरच्या बाजूला पॉलिश मुद्दाम केलं नाही, कडप्पा चुनखडीच्या जातीचा असल्यामुळे लिंबू सांडलं की पॉलिश उडून पांढरा डाग पडतो, खरबरीत ठेवलेला बरा. थोडं तेल पुसलं की गडद होतो.

२० जुलै

पुस्तकांचे टेकू. अहमदाबादचं आयआयएम, अमेरिकन आर्किटेक्ट लुई कान यांचं, बाळकृष्ण दोशी आणि अनंत राजे यांच्या साथीने झालेलं, १९६२ पासून १९७४ पर्यंत. उघड्या विटांच्या भिंतींतली ती प्रचंड वर्तुळं सगळ्यांना माहीत असतात पण मला जास्त आवडतात त्या चपट्या कमानी. वीट दाबाला पक्की आणि ताणाला कच्ची. कमान जितकी चपटी तितकी ती आपल्या दोन्ही पायांना बाहेर ढकलते, जुन्या बांधकामात हे ढकलणं अडवायला भिंत जाड करायचे. कान यांनी कमानीच्या पायथ्याशी काँक्रीटची आडवी पट्टी टाकली, ती दोन्ही पाय एकमेकांना बांधून ठेवते. वीट विटेचं काम करते, काँक्रीट ताणाचं, आणि दोन्ही समोर स्पष्ट दिसतात, लपवलेलं काही नाही.

पुस्तकांची रांग तर हेच करत असते, कलली की दोन्ही टोकांना ढकलते. म्हणून सुटे दोन टेकू न करता एकच वस्तू केली : दोन टोकांना सिमेंटचे विटकरी रंगाचे अर्ध्या कमानीचे ठोकळे, आणि खालून दोघांना जोडणारी ४० सेंटिमीटरची लोखंडी पट्टी, ४० बाय ५ मिलीमीटर, जिच्यावर पुस्तकं उभी राहतात. पुस्तकं कितीही जोराने बाहेर ढकलू देत, ठोकळे पट्टीला नटने आवळलेले आहेत, जाणार कुठे. पुस्तकांचं वजन पट्टीवरच पडतं त्यामुळे सगळंच जागेवर बसतं. रंगाचा प्रयत्न नीट जमला, लाल ऑक्साइड सिमेंटच्या तीन टक्के आणि चिमूटभर पिवळा. पट्टीला रंग नाही दिला, फक्त घासून मेण लावलं, ती लोखंडाची आहे हे दिसायला पाहिजे.

हे करताना सारखं मनात येत होतं की डिसेंबर २०२० मध्ये याच आवारातली विद्यार्थ्यांची वसतिगृहं पाडून नवीन बांधायचं जाहीर झालं होतं. जगभरच्या आर्किटेक्टनी पत्रं लिहिली, सह्या केल्या, आणि जानेवारी २०२१ च्या सुरुवातीला तो निर्णय तेवढ्यापुरता मागे घेतला गेला. दिल्लीच्या हॉल ऑफ नेशन्स या प्रदर्शनाच्या इमारतीच्या वाट्याला तेही आलं नाही, राज रेवाल आणि महेंद्र राज यांनी १९७२ मध्ये उभा केलेला काँक्रीटच्या दांड्यांच्या जाळीचा तो स्पेस फ्रेम एप्रिल २०१७ मध्ये पाडून टाकला. किल्ले, वाडे, देवळं जपायची हे आपल्याला पटतं, आणि ते बरोबरच आहे, पण पन्नास वर्षांपूर्वीचं काँक्रीट आणि वीट हाही आपलाच ठेवा आहे हे अजून आपल्या गळी उतरलेलं नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. दादाच्या मुलीने पुस्तक काढताना "आत्या, ही पट्टी कशाला?" असं विचारलं तर मला कमान समजावून सांगायची संधी मिळेल, तिला काढून दाखवायला दोन्ही नट हाताने सुटतील असेच घेतलेत, विंग नट.

२ ऑगस्ट

विटा मागच्या आठवड्यात आल्या. काकांनी ऐंशीच्या जागी शंभरेक दिल्या, "फुटतील त्यातून निवडा" म्हणाले, पण फुटल्यात अगदी थोड्या. रंग एकसारखा नाही, भट्टीत कडेला होत्या त्या फिक्या आणि मध्ये होत्या त्या गडद, काही जळकट काळ्यासुद्धा. मला हे हवंच होतं. रचताना गडद खाली, फिक्या वर अशा घेतल्या.

चिकटवायला टाइल अ‍ॅडहेसिव्ह अगदी पातळ. वरची प्रत्येक वीट खालच्या दोन विटांवर अडीच-अडीच सेंटिमीटर टेकते, भार व्यवस्थित उतरतो. दिवसाला तीनच थर, मग रात्रभर वाळू द्यायचं, नाहीतर खालचे थर सरकतात आणि गोल बिघडतो. गोल राहावा म्हणून मध्ये पुठ्ठ्याची नळकांडी उभी केली होती. तळ लाकडी, सागवानाच्याच उरलेल्या पट्ट्या फटी ठेवून ठोकलेल्या, आणि खाली चार सेंटिमीटरचे पाय, चाळीसारखाच जमिनीपासून उचललेला. वर झाकण नाही, कापडाची गोल टोपी आई शिवतेय.

आईने आजच त्यात कांदे भरून टाकले, अजून दादाकडे न्यायचंय म्हणलं तरी ऐकलं नाही. अगरबत्ती लावून तळाशी धरून बघितली, धूर पट्ट्यांमधून वर चढून मधल्या थरांच्या फटींतून बाहेर पडतो, म्हणजे कांदे भरलेले असतानाही वारा फिरतोय. फट अडीच सेंटिमीटरची असल्यामुळे कांदा बाहेर येत नाही, फक्त सालं बाहेर पडतात, त्यासाठी खाली एक ताटली ठेवायला पाहिजे.

९ ऑगस्ट

चारही वस्तू बाणेरला पोचल्या. दिवा पश्चिमेच्या खिडकीतच बसला. त्रिकोण लटकवायला दादाने ओट्याच्या वर खिळा मारला. कांद्याचं जाळीघर वहिनीने सिंकपासून लांब, कोरड्या कोपऱ्यात ठेवलं आणि मागे हातभर जागा सोडली, ती न सांगताच सोडली.

हिशोब, पुढे कुणी विचारलं तर : दिव्याला सामान साडेसातशेच्या आसपास, त्यात सगळ्यात महाग अ‍ॅडॉप्टर आणि पट्टी. जाळीला विटा, साचा, अ‍ॅडहेसिव्ह मिळून सतराशे. टेकूला लोखंड आणि वेल्डिंगवाल्याची मजुरी धरून साडेचारशे. त्रिकोणाला कापायची मजुरी आणि सिलिकॉन, तीनशेच्या आत.

दिव्याचा साचा अजून धड आहे. दादाच्या शेजाऱ्यांना एक हवाय, पण त्यांची खिडकी पूर्वेला, म्हणून या वेळी गेरूच्या जागी आतून फिका पिवळा हात देऊन बघणार, आणि खालच्या गच्चीची खोली आणखी पाच मिलीमीटर वाढवणार, कारण त्यांचं टेबल बुटकं आहे आणि बसल्यावर डोळे दिव्याच्या खालच्या भागाशी येतात. थर्माकोल उद्या कापते.